हिरवळ, कमळ आणि दहावी चाचणी

अंगणात ऊन येत होतं ते एकाच जागी, आठ फूट लांब आणि सहा फूट रुंद. बाकी सगळीकडे समोरच्या इमारतीची सावली. उन्हाच्या त्या तुकड्यावर काटेसाहेबांनी हिरवळ लावली होती आणि तिच्याच कोपऱ्यात त्यांच्या पत्नीने, म्हणजे काकूंनी, कमळाची भलीमोठी कुंडी आणून ठेवली होती. गवत पसरत चाललं होतं, कमळाची पानंही पसरत चालली होती. दोघांपैकी एकालाच आता तिथे राहता येणार हे उघड होतं, आणि माघार घेण्याची पद्धत त्या घरात नव्हती.

काटेसाहेब हे त्यांचं नाव नव्हे, दुकानदारांनी ठेवलेलं टोपणनाव. एकतीस वर्षं त्यांनी वजनमापं तपासण्याची नोकरी केली. एकदा सख्ख्या मेहुण्याच्या दुकानातला तराजू जप्त केला आणि त्याच दिवशी संध्याकाळी त्याच्याच घरी जेवायला गेले. मेहुण्याने वाढलं, पण डावाने मोजून. निवृत्त झाल्यावर तपासायला घरच उरलं होतं.

"अहो, तीन वर्षांत पहिल्यांदा कळी धरलीय," काकू म्हणाल्या. "सावलीत नेली तर उमलायची नाही. कुंडी इथून हलणार नाही, सांगून ठेवते."

"आणि माझ्या टाचा? डॉक्टरांनी सकाळी गवतावर अनवाणी चालायला सांगितलंय. सावलीत गवत धरत नाही."

"मग करायचं काय?"

"तुलना. दहा चाचण्या, प्रत्येकी दहा गुण. जिंकेल त्याला ऊन. हरेल त्याची रवानगी तुझ्या बहिणीकडे."

"हरेल त्याची म्हणजे?"

"झाडाची गं. तुझी नाही."

काटेसाहेबांनी नवी वही काढली, पहिल्या पानावर नियम लिहिले. सगळ्यात वरचा नियम ठळक होता: जी चाचणी एकाची, तीच दुसऱ्याची. कोणालाही सूट नाही. काकूंनी वाचून सही केली, कारण नवरा हट्टी असला तरी मापात पाप करणार नाही, एवढी त्यांची खात्री होती.

महिनाभर चाचण्या चालल्या. पाण्याच्या चाचणीत कमळ जिंकलं. ते उभंच पाण्यात, आटेल तेवढं रोज दोन तांबे घातलं की झालं. हिरवळ मात्र रोज चार बादल्या पिऊन पुन्हा तहानलेली. डासांच्या चाचणीत कमळ मागे पडलं, तेव्हा काकूंनी कुंडीत गप्पी मासे सोडले. काटेसाहेबांनी हरकत घेतली.

"एका स्पर्धकाला मासे दिले, तर दुसऱ्यालाही द्यावे लागतील."

"द्या की. सोडा गवतात."

काटेसाहेबांनी त्यावर खरोखरच थोडा वेळ विचार केला, हे काकूंनी पुढे अनेकांना सांगितलं. छाटणीच्या दिवशी ते हिरवळ फूटपट्टीने मोजून कापत होते. ते काम संपवून कात्री घेऊन कुंडीकडे वळले, तेव्हा काकू मध्ये उभ्या राहिल्या. शेवटी एक वाळकं पान कापण्यावर तडजोड झाली. नऊ चाचण्यांनंतर दोघांचे गुण झाले त्रेसष्ट-त्रेसष्ट.

दहावी चाचणी होती अनवाणी चालण्याची.

"ही तुमच्याच सोयीची," काकूंचा आवाज चढला. "कमळावर कोण चालतं?"

"मी चालणार. नियम म्हणजे नियम. कमळाला संधी न देता शून्य दिलं, तर तो अन्याय होईल."

रविवारी सकाळी सात वाजता काटेसाहेबांनी हिरवळीवर दहा फेऱ्या मारल्या, टाचा दाबून पाहिल्या आणि वहीत दहापैकी दहा लिहिले. मग लेंगा गुडघ्यापर्यंत दुमडला आणि कळीला धक्का न लावता आधी उजवा, मग डावा पाय कुंडीत ठेवला. कुंडीतली माती काकूंनी कुंभाराकडून आणली होती, मडकी घडवायची, चांगली चिकण. काटेसाहेब पोटऱ्यांपर्यंत आत गेले आणि तिथेच थांबले.

"चाला ना," काकू म्हणाल्या.

"चालतो." ते हलले नाहीत. थोड्या वेळाने म्हणाले, "अगं, पाय निघत नाहीये."

काकूंनी हात धरून ओढलं. उजवा पाय बोटभर वर आला, तर डावा आणखी वीतभर खाली गेला. पाणी ओतून झालं, साबण किंवा तेल ओतायला मात्र माशांच्या काळजीने काकूंनीच नकार दिला. शेवटी शेजारच्या नळवाल्याला हाक मारली. त्याने कुंडीला दोन प्रदक्षिणा घातल्या.

"काका, आत कशाला गेला होतात?"

"चाचणी होती."

"बरं," नळवाला म्हणाला. त्याने आयुष्यात चोंदलेलं बरंच काही पाहिलं होतं, पण माणूस पहिल्यांदाच. "कुंडी फोडावी लागेल. हातोडा आणतो."

काकूंनी कळीकडे पाहिलं. ती टपोरी झाली होती, टोकाला गुलाबी रंग दिसायला लागला होता. तरी त्या म्हणाल्या, "फोडा. माणूस महत्त्वाचा."

"खबरदार!" कुंडीतून आवाज आला. "निकाल लागायच्या आत स्पर्धकाला हात लावायचा नाही."

"अहो, ऊन चढतंय!"

"चढू दे. छत्री आण."

छत्री आली, चहा आला, नऊ वाजता रक्तदाबाची गोळीही आली. काटेसाहेब उभेच. नळवाला दुसरीकडचा नळ दुरुस्त करून परत आला, तरी उभेच. घाम त्यांच्या नाकावरून कळीवर पडू नये म्हणून ते मान वाकडी करून उभे आहेत हे काकूंना दिसलं, आणि त्यांना एकदम भरून आलं. पण ते दाखवायची ही वेळ नव्हती.

"फोडायची नाही, तर आडवी करू," नळवाला म्हणाला. "हळूहळू कलती केली की माती आपोआप घसरेल, काकाही घसरतील. पण कडेला फरशी आहे, आपटून फुटणार. मऊ जागा पाहिजे, आणि चांगला खोल खड्डा."

तिघांनी आजूबाजूला पाहिलं. सगळीकडे फरशी. मऊ जागा एकच होती, फूटपट्टीने कापलेली.

काटेसाहेबांनी एकदा डोळे मिटले. "खण," ते म्हणाले.

"अहो, तुमच्या टाचा..."

"खण म्हणतो ना!"

नळवाल्याने फावडं घातलं. खड्डा आधी कुंडीपुरता, मग कुंडी कलायला जागा हवी म्हणून तेवढाच पुढे, मग काकांना पडायला जागा हवी म्हणून आणखी पुढे. प्रत्येक घावाला काटेसाहेब "हं" म्हणत होते. तासाभरात हिरवळीचे ढेकळांसकट ढीग भिंतीला लागले. मग नळवाल्याने कुंडी कलती केली. काकूंनी कळीचा देठ दोन्ही हातांत धरला. आधी पाणी आलं, मग मासे, मग माती, आणि सगळ्यांच्या मागून काटेसाहेब सुखरूप खड्ड्यात येऊन बसले. कुंडी शाबूत राहिली. कळीही शाबूत राहिली. नळवाल्याने माशांसाठी आणि कमळासाठी नळी लावून खड्डा पाण्याने भरला आणि काही न विचारता घरी गेला.

काटेसाहेबांनी पाण्यात बसूनच वही मागितली. चालणे: कमळ, शून्य. खाली बेरीज केली आणि वही काकूंच्या हातात दिली.

"म्हणजे हिरवळ जिंकली," काकू हळूच म्हणाल्या.

"दहा गुणांनी. निकालात फेरफार होणार नाही."

काकूंनी पदराने चेहऱ्यावरचा चिखल पुसला. "ठीक आहे. ताईला कळवते, उद्या कमळ घेऊन जा म्हणून."

काटेसाहेबांनी भिंतीला लागलेल्या ढिगाकडे पाहिलं, मग कळीकडे, मग बराच वेळ पाण्यातल्या माशांकडे.

"विजेता गैरहजर असेल तर जागा उपविजेत्याला मिळते," ते म्हणाले. "नियम आहे तसा."

"कुठे आहे? मी सही केली तेव्हा नव्हता."

"पहिल्याच पानावर आहे. तू नीट वाचलं नाहीस. आण ती वही इकडे."

काकूंनी वही दिली आणि पाठ फिरवून आत चहा टाकायला गेल्या, मुद्दामच जरा सावकाश. परत येऊन पाहिलं, तर पहिल्या पानावर सगळ्यात खाली नियम होता, खरोखरच होता. शाई ओली होती, कागदाला चिखलाचा अंगठा लागला होता, आणि एकतीस वर्षं दुसऱ्यांची खोटी मापं पकडणाऱ्या माणसाने त्याखाली महिन्यापूर्वीची तारीख घातली होती.