गिअर झिजू नये म्हणून

पायाखालची वाळू सरकते, हा वाक्प्रचार यज्ञेश्वर देवपुजारी यांना बालपणापासून पाठ होता. परंतु पायाखालची चेन तुटली असता मनुष्याची काय अवस्था होते, याचा साक्षात्कार त्यांना शनिवारी सकाळी रायपूरमधील तात्यापाऱ्याच्या भर चौकात झाला. ‘कट्’ असा आवाज आला, दोन्ही पाय निराधार होऊन गरागरा फिरू लागले, आणि विजेवर चालणारी ती डोंगरी सायकल आपल्या स्वारासह एका हातगाडीवरील वांग्यांच्या ढिगाला जाऊन टेकली.

"देख के चला न बबा!" भाजीवाली ओरडली. "मोर जम्मो भाटा चपका गे!"

तिची सारी वांगी चेपल्याचे दुःख यज्ञेश्वररावांना नव्हते असे नाही, पण त्याहून मोठे दुःख त्यांच्यासमोर आडवे पडले होते. सायकल त्यांची नव्हती. त्यांच्या मुलाची, भार्गवची होती. पुण्याला नोकरीवर जाताना तो म्हणाला होता, "बाबा, रोज चालवत जा. उभी ठेवली तर बॅटरी खराब होते." ज्या मुलाने वडिलांच्या हाती कधी स्वतःचा मोबाईलही दिला नव्हता, त्याने आपली प्राणप्रिय वस्तू त्यांच्या भरवशावर सोडली होती. "जशी देऊन राहिला तशीच तुझ्या हाती परत देईन," असे त्यांनी वचन दिले होते. आणि भार्गव उद्या सकाळी येणार होता, मित्रांबरोबर डोंगरात जाण्यासाठी, याच सायकलवर.

वचन पाळण्यात त्यांनी कसूर केली होती, असे कोणी म्हणू शकले नसते. वस्तू वापराने झिजते, हा त्यांच्या संसाराचा मूलमंत्र होता. घरातील सोफ्याने आपले मूळ कापड कधी जगाला दाखवले नव्हते. पाहुण्यांसाठी घेतलेले कप कपाटात इतके जपले गेले होते, की ज्यांच्यासाठी ते घेतले त्यांतील कित्येक पाहुणे दिवंगत झाले. कप मात्र कोरेच राहिले. त्याच न्यायाने, सायकलच्या मागील चाकाला लहानमोठी नऊ दातेरी चक्रे आहेत आणि गिअर बदलला की चेन एकावरून दुसऱ्यावर उडी मारते, हे दिसताच त्यांच्या काळजात चर्र झाले. नऊच्या नऊ झिजवायची? छे! त्यांनी सर्वांत लहान चक्र निवडले आणि इतर आठांना स्पर्शही करायचा नाही असा निश्चय केला. त्या गिअरमध्ये पायडल दगडासारखे जड होई. त्यावर त्यांनी मोटर पूर्ण जोरावर ठेवण्याचा उपाय शोधला. मोटर विजेवर चालते, तिला कष्ट कसले?

तुटकी चेन खिशात घालून ते सायकल ढकलत पुरानी बस्तीत गुलाबराव मिस्त्रीकडे पोहोचले. गुलाबरावने चेन उंच धरून पाहिली.

"काकाजी, हे तर पार लांबून गेली होती."

"लोखंड लांबते काय रे?"

"तुम्ही वढता, मोटर वढते. दोघांनी मिळून वढलं तर माणूस बी लांबून जाईन!"

नवी चेन बसली. यज्ञेश्वररावांच्या जिवात जीव आला, आणि दुकानापासून हाकेच्या अंतरावर तो पुन्हा निघून गेला. पायडलवर भार देताच ‘कडाक्!’ चेन दात्यांवरून घसरली आणि त्यांची छाती हँडलवर आपटली. पुन्हा भार दिला, पुन्हा ‘कडाक्!’ जुन्या चेनने निदान मरेपर्यंत साथ तरी दिली होती. ही नवी पहिल्या पावलापासूनच फितूर निघाली. ते आले तसे परत गेले.

"नवी चेन, जुने दाते," गुलाबराव म्हणाला. "नवी सून अन् जुनी सासू समजा काकाजी. जुनीचं जुनीसोबत जमून जाते, नवी आली का रोज कडकड. आता मागच्या दात्यांची अख्खी कॅसेट बदला लागते."

"मग बदल ना! काहून थांबला?"

"रायपुरात कुठं भेटते ते? बाहेरून मागवा लागीन. आठ-दहा दिवस धरा."

आभाळ कोसळले तरी मनुष्याला ते आधी पत्नीला कळवावेसे वाटते. यज्ञेश्वररावांनी घरी फोन लावला आणि खचलेल्या स्वरात एवढेच म्हणाले, "कुसुम, कॅसेट गेली. भार्गव यायच्या आत बदलाले पाहिजे," आणि फोन ठेवला.

ते घरी पोहोचले तेव्हा कुसुमताई माळ्यावरून काढलेली लग्नाची कॅसेट मांडीवर घेऊन बसल्या होत्या. डोळे लाल होते.

"बदलाची काहून जी?" त्या म्हणाल्या. "मले मालूम आहे, त्यात तुमचा फेटा पडतानाचं आहे. पण म्हणून लग्नच बदलता काय?"

"अगं, सायकलची कॅसेट!"

"सायकलमध्ये कॅसेट? मले बुद्धू समजून राहिले काय?"

कॉलेजात शिकणारी कन्या निधी मध्ये पडली. "आई, पीछे जो दाँतवाले चक्के हैं ना, उस पूरे सेट को कैसेट बोलते हैं." मग ती मागील चाकापाशी वाकली आणि बराच वेळ उठली नाही. "बाबा... इसमें सिर्फ एक ही घिसा है. बाकी आठ तो एकदम नए हैं. आपने कभी लगाए ही नहीं?"

यज्ञेश्वररावांनी वाकून पाहिले. त्या लहान चक्राचे दाते माशाच्या काट्यासारखे टोकदार झाले होते, आणि त्याच्या शेजारी आठ बहिणी नवरीसारख्या चकाकत होत्या. त्यांना वाचवण्यासाठीच तर सारे केले होते! दुपारी त्यांना अन्न गोड लागले नाही. काय तोंड दाखवावे? चोरी झाली म्हणावे, तर सायकल समोर उभी. पोट्ट्याने एकदा विश्वास टाकला, तो पुन्हा कशाला टाकेल?

रविवारी सकाळी भार्गव पाया पडण्यासाठी वाकला, तेव्हा ते दोन पावले मागे सरले.

"नको. मी त्या लायक नाही. माझ्या हातून घात झाला."

भार्गव पांढराफटक पडला. "आई कुठं आहे?"

"स्वयंपाकघरात आहे रे. सायकलचा घात झाला."

भार्गवने एक दीर्घ श्वास सोडला. सायकल पाहिली, चेन पाहिली, झिजलेले चक्र पाहिले. मग सायकलवर बसला आणि चालता चालता अंगठ्याने हँडलवरची कळ दाबली. ‘खट्.’ चेन शेजारच्या चक्रावर चढली. तो गल्लीच्या टोकापर्यंत गेला आणि परत आला. ना कडाक्, ना धक्का. लोण्यातून सुरी फिरावी तशी सायकल फिरली.

"बाबा, आठ गिअर कोरे आहेत ना. ह्या लहानशाला सोडून द्या, बाकी मस्त आहे."

"म्हणजे... नुसता गिअर बदलायचा होता?"

"हव. त्याच्यासाठीच असतात ते." भार्गवने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "मी आज डोंगरातून जाऊन येतो. मग तुम्हीच चालवा. पण मले एक वचन द्या, आता सगळे गिअर सारखे वापरसान."

"सारखे," यज्ञेश्वरराव गहिवरून म्हणाले. "अगदी सारखे. शब्द देतो."

सोमवारी सकाळी गल्लीत आरडाओरडा ऐकून भार्गव गॅलरीत आला. खाली यज्ञेश्वरराव सर्वांत मोठ्या चक्रावर, सर्वांत हलक्या गिअरमध्ये, सपाट रस्त्यावर निघाले होते. पाय पंख्यासारखे गरगरत होते, मुद्रा लाल झाली होती, आणि सायकल मुंगीच्या गतीने पुढे सरकत होती. एक गाय शांतपणे त्यांना मागे टाकून गेली.

"अहो, गिअर बदला ना जी!" कुसुमताई दारातून ओरडल्या.

"बदलता येत नाही!" धापा टाकत यज्ञेश्वरराव म्हणाले. "आज सोमवार, पहिल्याची पाळी. दुसऱ्याची उद्या!"

"बाबा, वार सात अन् गिअर आठ आहेत," भार्गवने वरून क्षीण आवाजात विचारले. "आठव्याचं काय?"

यज्ञेश्वरराव क्षणभर थांबले. सायकलही थांबली.

"तो पाहुण्यांसाठी ठेवला आहे."