शांतारामतात्यांचा सायलेन्सर

रविवारी सकाळी साडेआठला आमच्या वाडीत मांडणीवरची भांडी आपोआप खाली यायची. नव्या भाडेकरूंना आम्ही आधीच सांगून ठेवायचो, घाबरू नका, भूकंप नाही, तात्या फियाट काढतायत.

नाव शांताराम. बारशाला नाव ठेवणाऱ्या आत्याला पुढचं काय ठाऊक असणार? तीस वर्षं तात्या बोटीच्या इंजिन रूममध्ये तेलपाणी करत जगभर फिरले. तिथल्या धडधडीत कान अर्धे गेले आणि आवाज दुप्पट झाला. ‘मास्तरीणबाई, चाय टाकलात काय?’ असं ते कुंपणापलीकडून मला हळूच विचारतात, तेव्हा आजूबाजूच्या चार घरांत चहा टाकला जातो. लग्न राहूनच गेलं. मुलगी पसंत व्हायची आणि तात्यांची बोट सुटायची. घरात एकटेच, पण शिस्त बोटीची. कुकर लावतानाही ‘स्टँडबाय’ म्हणणार, तिसरी शिट्टी झाली की ‘फिनिश’.

फियाट त्यांना एका बागेत आंब्याखाली सापडली. मागच्या सीटवर कोंबडी अंड्यांवर बसली होती. पिल्लं बाहेर पडेपर्यंत तात्या थांबले, मग गाडी घरी ओढून आणली आणि तीन वर्षं तिच्याखाली झोपून काढली. पत्रा, रंग, इंजिन, सगळं स्वतः केलं. मलईच्या रंगाची गाडी अशी झाली की रस्त्याने जाणारा थांबून बघायचा. सायलेन्सर मात्र त्यांनी लावलाच नाही. बंदरावरून मच्छीमार लाँचचा जाड पाइप आणून सरळ इंजिनाला जोडला. ‘इंजिनाला बोलू द्यावं’ हे त्यांचं तत्त्व. इंजिन बोलायचं आणि आम्ही गप्प बसायचो. शेजाऱ्यांनी विनवलं, पोलीसपाटलांनी समजावलं, मी तर चौथीच्या वर्गात वापरते तो आवाज लावून पाहिला. तात्यांचं एकच उत्तर, ‘ऑल ओके.’

शेवटी मी देवाला मध्ये घातलं. शिमग्यात पालखी माझ्या अंगणात यायची होती. गाऱ्हाणं घालणाऱ्या गावकर आबांच्या कानात मी आदल्या दिवशीच माझी मागणी सांगून ठेवली. आबांनी नारळ हातात घेऊन सुरुवात केली. पोराबाळांना सुखी ठेव, मुंबईवाल्यांना यश दे, आंब्याचा मोहर टिकू दे. दर मागणीला सगळे ‘व्हय महाराजा’ म्हणत होते आणि सगळ्यात वरचा आवाज तात्यांचा. त्याच सुरात आबा म्हणाले, ‘आनि शांतारामाच्या गाडीचा आवाज बंद करून वाडीचे कान वाचव रं महाराजा.’

‘व्हय महाराजा!’ तात्या गरजले.

गाऱ्हाण्याला होकार देताना कुणी ऐकत असतं का? जो हशा उठला त्यात आबांच्या हातातला नारळसुद्धा हलायला लागला. तात्यांना आपण कशाला हो म्हटलं ते दोनदा सांगावं लागलं. त्यांचा चेहरा उतरला. पण देवासमोर शब्द गेला तो गेला.

दुसऱ्या दिवशी ते कामाला लागले. पहिला उपाय म्हणून पाइपात नारळाचा काथ्या ठासला. गाडी सुरू केल्याबरोबर पेटता गोळा तोफेतून सुटावा तसा सुटला आणि अंगणात वाळत घातलेल्या माझ्या पापडांवर येऊन पडला. पापड परस्पर भाजले गेले. मग पाइपात इतक्या जाळ्या बसवल्या की इंजिनाचा श्वासच कोंडला. तिसऱ्या खेपेला त्यांनी भोकं पाडलेली नळी आवाज पिणाऱ्या काचलोकरीत गुंडाळून पत्र्याच्या पिंपात बसवली आणि फियाट मांजरीसारखी झाली. इतकी, की पाठीमागून येऊन तिने आबांनाच गटारात उडी मारायला लावली. वाडीने पेढे वाटले. मी दोन खाल्ले.

पेढा एकट्या तात्यांनी घेतला नाही. रविवारी ते माझ्या दारात येऊन म्हणाले, ‘चला पूर्णगडला. गाऱ्हाणं तुमी घातलंत, आक्काला पन तुमीच सांगा.’

दर रविवारी ते पूर्णगडला थोरल्या बहिणीकडे जातात, एवढं मला माहीत होतं. भाऊ बहिणीकडे जातो, त्यात विशेष ते काय? आम्ही निघालो. भाट्याचा पूल गेला, पावस गेलं. पूर्णगडला पोहोचलो तर फाटकाचा खांब धरून आक्का उन्हात उभी. वय ऐंशीच्या पुढचं, डोळे गेलेले. गाडी तिच्या पुढ्यात थांबली तरी ती आमच्या पलीकडे कान लावून होती. शेजारीण म्हणाली, सकाळपासून अशीच आहे, बस म्हटलं तर बसत नाही.

तात्यांनी उतरून हाक मारली, ‘आक्का.’ त्यांना इतकं हळू बोलता येतं हे मला ठाऊक नव्हतं.

‘आलास? आवाज आला न्हाय रं. म्हटलं आता येशील, मग येशील.’

शेजारणीने सांगितलं तेव्हा मला कळलं. गावात शिरणाऱ्या उताराच्या वरच्या वळणावर फियाट गरजली की आक्का उठायची, चहा ठेवायची, केस नीट करायची आणि भिंतीला धरून फाटकापर्यंत यायची. फोनवर कळवलं असतं तर फोन ठेवल्यापासून ती दारात उभी राहिली असती.

परतताना तात्या म्हणाले, ‘बोटीवरनं मी कधी येनार ते कुनालाच ठावं नसायचं. आमची आय रोज दारात उभी ऱ्हायची. तशीच गेली. आक्काला तरी उभं ऱ्हायला लागू नये, म्हनून तो पाइप.’

मला रडू आलं. माझ्या गाऱ्हाण्याची आणि त्या दोन पेढ्यांची मला लाज वाटली.

घरी न जाता आम्ही तडक आबांकडे गेलो. देवाला दिलेला शब्द मागे घेता येत नाही, यावर आबा ठाम होते. सुपारी कातरता कातरता त्यांनी बराच विचार केला आणि निकाल दिला, ‘आपल्या महाराजाची हद्द शिवेपर्यंत. फुडचं पूर्णगडचा देव बघंल.’ आठवडाभरात तात्यांनी सायलेन्सरच्या अलीकडे झडप बसवली आणि तिची तार सीटजवळच्या दांड्याला जोडली. झडप उघडली की धूर सायलेन्सर चुकवून थेट बाहेर.

पुढच्या रविवारी मी आपणहून गाडीत जाऊन बसले. वरच्या वळणावर तात्यांनी तो मान मला दिला. मी दांडा ओढला. फियाट अशी गरजली की झाडावरची माकडं दुसऱ्या झाडावर गेली.

आणि तात्यांनी गाडी अगदी सावकाश केली, माणूस पायी चालेल इतकी. मागे दोन रिक्षा हॉर्न वाजवत होत्या. मी विचारलं, आता एवढं हळू का?

‘आता चाय ठेवत असंल,’ तात्या म्हणाले. ‘मग केस इंचरंल. तिला घाई नको.’

आम्ही फाटकाशी पोहोचलो तेव्हा आक्का नुकतीच येऊन उभी राहत होती.