भातलावणीआधीचा सत्कार

फेब्रुवारीत आलेल्या एका पत्राला गुरुनाथ ओगल्यांनी उत्तर पाठवलं नाही. पुढचं सगळं त्यातून झालं.

पत्र जपानहून आलं होतं. नागानोच्या डोंगरातल्या एका खेड्यात हारुओ नावाचे म्हातारे गृहस्थ रासायनिक खत न घालता भात पिकवत. मेअखेरीस लावणीसाठी त्यांना माणसं हवी असत. पगार नाही, अर्धा दिवस काम आणि त्याबदल्यात जेवण नि झोपायला जागा. न्यूझीलंडमधल्या अप्पर हटला गुरुनाथ धाकट्या मुलाकडे राहत; तिथल्या लायब्ररीत एका मासिकात त्यांनी हे वाचलं. आवडलेल्या लेखाबद्दल दोन ओळी कळवायची त्यांची जुनी सवय, म्हणून खाली दिलेल्या पत्त्यावर त्यांनी पत्र टाकलं. जायचं वगैरे काही मनात नव्हतं. चिखलणी यंत्राने करता की जनावरांनी, एवढंच विचारलं होतं. हारुओंनी सुबक अक्षरात, साध्या इंग्रजीत उत्तर दिलं: यंत्राने करतो, तुम्ही या. सोबत काही प्रश्न होते, त्यांची उत्तरं एप्रिलअखेर हवी होती. पहिला प्रश्न होता, तुम्हाला कोणतं काम चांगलं येतं?

गुरुनाथ तिथेच अडकले. पुण्यातल्या एका कॉलेजात ते आयुष्यभर ग्रंथपाल होते. ‘पुस्तक जागेवर ठेवता येतं’ असं त्यांनी लिहिलं आणि खोडलं. भाताशी त्यांचा संबंध ताटात वाढल्यानंतरचा. फार तर तांदळातले खडे निवडता येत. तेही लिहिलं, पण शेतकऱ्याला तो टोमणा वाटेल म्हणून खोडलं. शेवटी पत्र जाड शब्दकोशात ठेवून दिलं. उत्तर गेलं नाही म्हणजे नकार, एवढं जपानी माणसाला कळेल, असं त्यांनी स्वतःला समजावलं.

जपानी माणसाला कळलं असतंही. सुनेला कळलं नाही.

मधुवंतीने पनीर केलं होतं आणि फडक्यात बांधलेल्या त्या गोळ्यावर ठेवायला तिला वजन हवं होतं. सासऱ्यांच्या शब्दकोशाइतकी जड वस्तू घरात दुसरी नव्हती. तो उचलताना पत्र खाली पडलं.

“बाबा, तुम्ही जपानला चाललाय? आणि आम्हाला बोलला नाहीत?”

गुरुनाथांच्या तोंडात थालीपीठाचा घास होता. ‘तसं काही ठरलेलं नाही’ हे वाक्य घासामागे थांबलं आणि तेवढ्यात तिने नवऱ्याला, शार्दूलला फोन लावला. तो वेलिंग्टनहून घरी येणाऱ्या गाडीत होता.

“बाबा, स्वीट अ‍ॅज,” शार्दूल स्पीकरवरून म्हणाला. “मस्तच की. हीप्स ऑफ लोक, ढिगाने करतात हे. रिटायर्ड लोक तर जास्तच.”

“अरे, पण माझे गुडघे...”

“डोंगरातली हवा गुडघ्यांना चांगलीच असते.”

त्याच रविवारी तिकीट निघालं, पंधरा मेचं. न्यूझीलंडच्या पासपोर्टाला जपानचा व्हिसा लागत नाही हे कळलं, तेव्हा गुरुनाथांचा शेवटचा आधार गेला.

“परतीचं कधीचं काढलंस?” त्यांनी शार्दूलला विचारलं.

“ओपन ठेवलंय. आवडलं तर राहा अजून. कशाला घाई?”

मधुवंतीने एकाच आठवड्यात दोन कामं केली. सासऱ्यांसाठी गमबूट आणले, आणि कोथरूडच्या आपल्या आईवडिलांचं तिकीट काढलं. “नाहीतरी तुमची खोली रिकामीच असणार ना,” ती म्हणाली. “ईशाला शाळेतून आई आणेल. भांडी आणि कपड्यांच्या घड्या आमचे बाबा बघतील. तुम्ही अजिबात काळजी करू नका.”

नातीला आणणं, भांडी, घड्या ही आजवर गुरुनाथांची कामं. तोवर ते काळजी करतच नव्हते. त्या दिवसापासून करू लागले.

एप्रिलमध्ये राजारामचा फोन आला. हा मराठी मंडळाचा अध्यक्ष, पेशाने इंजिनियर, आणि कुठलाही हॉल वाया जाऊ न देणारा गृहस्थ.

“किआ ओरा, काका,” त्याने माओरीत नमस्कार केला. “महाराष्ट्र दिनाला तुमचा सत्कार ठेवलाय.”

“अहो, मी अजून गेलेलो नाही.”

“म्हणूनच तर. तुम्ही परत येणार तेव्हा हॉल मिळणार नाही. आत्ता बुक आहे, त्यातच उरकून घेऊ.”

“पण मी काही केलेलंच नाही.”

“काका, आपण केलेल्याचाच सत्कार करायचा म्हटलं तर मंडळ कसं चालायचं?”

महाराष्ट्र दिनाला राजारामने माइक हातात घेऊन ‘जपानी सेंद्रिय भातशेतीचे गाढे अभ्यासक’ अशी ओळख करून दिली. शाल झाली, श्रीफळ झालं, ऑगस्टमध्ये काकांचं सचित्र व्याख्यान ठरल्याची घोषणा झाली. समोर बसलेल्या नीलांबरीने उभं राहून आपल्या मेथीवर गोगलगायी येतात, काय करावं, असं विचारलं. बशीत थोडी बिअर ठेवा, असं गुरुनाथांनी कुठेतरी वाचलेलं सांगितलं. लोकांनी तो जपानी उपाय म्हणून फोनमध्ये टिपून घेतला.

मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं, “येताना थोडं बियाणं आणा, काका. मोज्यात घालून.”

“एअरपोर्टवर सामान हुंगणारी कुत्री असतात हो,” गुरुनाथ घाबरून म्हणाले.

“कुत्र्याला भातातलं काय कळतंय.”

मग आभाराचे दोन शब्द बोलायची वेळ आली. गुरुनाथांनी शालीचं टोक घट्ट धरलं. आत्ता नाही तर कधीच नाही.

“खरं सांगायचं तर माझी तिथे जायची लायकी नाही,” ते म्हणाले.

टाळ्या झाल्या. पहिल्या रांगेतल्या बाईंनी मान हलवून शेजारणीला सांगितलं, “किती साधेपणा.”

“नाही, म्हणजे मला शेतीतलं काहीच येत नाही.”

आणखी टाळ्या झाल्या.

“मी त्यांना येतो असं कळवलेलंसुद्धा नाही.”

हॉल हसला. राजाराम डोळे पुसत माइकपाशी आला. एवढा मोठा माणूस आणि एवढी विनोदबुद्धी, असं म्हणून त्याने जेवणाची घोषणा केली. सत्काराला उत्तर देताना माणूस स्वतःबद्दल वाईट बोलतो, ते कोणी मनावर घेत नाही, ही आपली जुनी रीत. गुरुनाथांनी स्वतःही असे कितीतरी सत्कार बसून ऐकले होते आणि टाळ्या वाजवल्या होत्या.

परतताना ते गाडीत मागच्या सीटवर, नारळ मांडीवर घेऊन बसले होते. “शार्दूल, मी मगाशी बोललो ते खरं आहे. मी उत्तर पाठवलेलं नाही. तिथे माझी कोणी वाट बघत नाहीये.”

सिग्नल हिरवा झाला तरी शार्दूल थांबूनच होता. मधुवंती मागे वळली. “म्हणजे तुम्ही जाणार नाही?”

“नाही.”

“पण आईबाबांचं तिकीट झालंय, बाबा.”

“ते येऊ देत ना. मी हॉलमध्ये झोपेन.”

“सकाळी सहाला शार्दूलचे कॉल असतात तिथे.”

“गराजमध्ये?” शार्दूल म्हणाला आणि स्वतःच मान हलवून नको म्हणाला. मग त्याने थोरल्या भावाला, ऑकलंडमधल्या फ्लॅट बुशच्या वरुणला फोन लावला. “बाबांना दोनतीन महिने तुझ्याकडे पाठवू का?”

“ऑफ कोर्स, कधीही,” वरुण म्हणाला. “फक्त जूनमध्ये आमच्या बाथरूमचं काम काढलंय. जुलैत आम्ही फिजीला. आणि जपानचं काय झालं? मी ऑफिसात सगळ्यांना सांगितलंय.”

“बाबा ऐकतायत, दादा.”

“ओह. हाय बाबा. प्राउड ऑफ यू.”

घर येईपर्यंत कोणी रागावलं नाही. रागावले असते तर गुरुनाथांनी माफी मागितली असती आणि विषय संपला असता. पण दोघंही फार समजूतदारपणे वागत होते. उतरताना शार्दूलने त्यांच्या हातातला नारळ घेतला आणि म्हणाला, “काहीतरी बघू, बाबा.” रिकामा फ्लॅट मिळेपर्यंत भाडेकरूला म्हणावं, तसं.

खोलीतली त्यांची पुस्तकं केळ्यांच्या खोक्यांत भरून झाली होती. मधुवंतीने कपाटात नवे हँगर लावले होते. गुरुनाथांनी स्वयंपाकघरातून शब्दकोश आणला. त्याला दुधाचा वास येत होता. त्यातून त्यांनी पत्र काढलं आणि पहिला प्रश्न ओलांडून पहिल्यांदाच पुढे वाचलं.

गुडघे दुखतात का? दुखत असतील तर जेवताना बसायला चौरंग ठेवू. काय खात नाही? घरात कोणत्या नावाने हाक मारलेली आवडेल? आमच्याकडे संध्याकाळी कोणी फारसं बोलत नाही, चालेल का?

गुरुनाथ बराच वेळ गुडघ्यांचा प्रश्न वाचत बसले. मग त्यांनी कागद घेतला. पहिल्या प्रश्नाचं उत्तर या वेळी खोडाखोड न करता उतरलं: शाळेतून मूल घरी आणणे, भांडी, कपड्यांच्या घड्या आणि कोणाच्या वाटेत न येणे. शेवटचं काम सगळ्यांत चांगलं जमतं. अर्धा दिवस काम करून जेवणखाण आणि झोपायला जागा, या पद्धतीचा काही वर्षांचा अनुभव आहे.

शेवटचा प्रश्न होता, घरी कोणत्या तारखेपर्यंत परत जाणं जरूर आहे?

हे स्वतःच्या मनाने लिहिणं त्यांना बरं वाटेना. ते स्वयंपाकघराच्या दाराशी गेले. “मधुवंती, मी साधारण कधीपर्यंत परत यायला हवं?”

ती एकदम वळली. चेहरा इतका उजळला, की गुरुनाथांनाच संकोच वाटला. “जाताय ना, बाबा? अहो, तारखेचं काय घेऊन बसलात. मस्त एन्जॉय करा. तुम्ही नसलात तर ईशा मिस करेल, पण आई आहे ना.”

“हो, त्या आहेत,” ते म्हणाले.

खोलीत येऊन त्यांनी लिहिलं: तारीख घरी विचारली. अजून मिळालेली नाही.

सकाळी ते डेअरी म्हणतात त्या कोपऱ्यावरच्या दुकानासमोरच्या टपालपेटीपाशी गेले. एप्रिल संपला होता. पाकीट बंद करण्याआधी त्यांनी पेटीवर कागद ठेवून खाली आणखी दोन ओळी घातल्या. मुदत उलटून गेली आहे हे मला माहीत आहे, आणि तुम्हाला नाही म्हणण्याचा पूर्ण हक्क आहे. मात्र हे पत्र हातात पडेल त्या सुमारास गमबूट घातलेला एक म्हातारा तुमच्या दारात उभा असेल, तेव्हा जे काही सांगायचं ते त्यालाच सांगावं.

मग त्यांनी पाकीट चिकटवलं आणि पेटीत टाकलं.