रोज साठने बिघडणारी विहीर

समजा, तुमच्या घरात एक पेन आहे. त्याला शाई नाही, त्याने लिहिता येत नाही. पण ते पाण्यात बुडवलं की त्याच्या पोटावर एक आकडा उमटतो. आता सांगा, तुम्ही ते सगळ्यात आधी कशात बुडवाल? घाई करू नका, नीट विचार करा.

समीक्षाने विचार केला नाही. तिने ते चहात बुडवलं. तेही बाबांच्या चहात, आणि बाबा कप तोंडाला लावणार तेवढ्यात.

"गो पोरी! अगो तो मीटर हाय, चमचा नाय!" बाबा ओरडले. मग त्यांनी स्वतःच वाकून पाहिलं. "किती आला?"

"नऊशे चाळीस!"

"बापरे," म्हणून बाबांनी कप खाली ठेवला. एवढा मोठा आकडा आपण रोज सकाळी पितो, हे त्यांना माहीत नव्हतं.

हे पेन, म्हणजे टीडीएस मीटर, एका खोक्यातून घरी आलं होतं. समीक्षाचे बाबा, साईनाथ, वाशिंदच्या एका कारखान्यात कामाला जात. कारखान्याच्या कार्यक्रमात सोडत निघाली आणि त्यांना पाणी शुद्ध करायचं आरओ मशीन लागलं. डोळखांबच्या अलीकडच्या त्या पाड्यात असं मशीन पहिलंच. ते बसवायला शहापूरहून भगीरथ नावाचा सर्व्हिसवाला आला. घराला नळ नव्हता, म्हणून त्याने स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर ओट्यावर एक निळं पिंप ठेवलं, पिंपातून नळी आत मशीनला नेली आणि म्हणाला, "पिंप भरलेलं ठेवा, बाकी मशीन बघेल. आणि हा मीटर. पाण्यात किती क्षार विरघळलेत ते सांगतो. आकडा कमी तर पाणी हलकं."

त्या दिवशी पिंपाचा आकडा आला दोनशे दहा आणि मशीनच्या पाण्याचा वीस. साईनाथने तो सगळ्या पाड्याला सांगितला.

पुढचे दोन दिवस समीक्षाने आणि शेजारच्या अंजूने घरात एकही ओली वस्तू सोडली नाही. ताक, वरणाचं पाणी, गुरांच्या दोणीतलं पाणी, अंजूच्या भावाचं नाक धुतलेलं पाणी. पण समीक्षाच्या गोजरआजीच्या पेजेत मीटर घालायला गेल्या, तेव्हा आजीने पळी उगारली. "माज्या पेजेत मीठ किती हाय ते बघायला मला देवानं जीभ दिलीय. काढ तो काटा!"

बाबा मात्र एकच गोष्ट मोजत. संध्याकाळी कामावरून आले की चपला काढायच्या आधी पिंपाच्या खालच्या तोटीतून पेलाभर पाणी घ्यायचं आणि त्यात मीटर बुडवायचा. तिसऱ्या दिवशी ते बराच वेळ पेल्याकडे पाहत राहिले.

"दोनशे सत्तर. माधुरी, पानी कुठून भरलंस?"

"विहिरीतून. अजून कुठून भरनार?" समीक्षाची आई म्हणाली.

चौथ्या दिवशी तीनशे तीस. पाचव्या दिवशी तीनशे नव्वद. साईनाथने ताट बाजूला सारलं. "विहीर बिघडत चाललीय," ते म्हणाले, आणि खिडकीतून बाहेर पाहिलं. बाहेर विहीर होती आणि विहिरीला लागून धाऊकाकांची भेंडी होती.

विहीर दोन्ही घरांची, बांधावरची. दोन्ही घरांच्या आजोबांनी मिळून खणलेली. धाऊकाका म्हणजे अंजूचे बाबा. विहिरीच्या पाण्यावर ते भेंडी लावत, आणि त्या भेंडीवरच त्यांचं घर चाले. साईनाथ बांधावर जाऊन उभे राहिले.

"धाऊदादा, तुमी खत टाकता ते झिरपून विहिरीत उतरतंय."

"कोन बोलतो?"

"मीटर बोलतो. रोज साठनं वाढतोय आकडा."

"माज्या भेंडीनं तुझ्या मीटरचं काय घोडं मारलंय? मी काय आज भेंडी लावतोय? धा वरसं झाली!"

"तेव्हा मीटर नव्हता."

धाऊकाकांना जास्तच राग आला. पण माणूस सरळ. म्हणाले, "ठीक. तीन दिवस मी चिमूटभर खत टाकत नाय. मग बघ."

गोजरआजीनेही हातभार लावला. तिने पिंपात तुरटीचा खडा सात वेळा गोल फिरवला, आणि वर तो आतच राहू दिला. संध्याकाळी आकडा पाचशे दहा! तुरटीसुद्धा पाण्यात विरघळते आणि मीटर तिलाही मोजतो, हे आजीला कोण सांगणार? पुढच्या दिवशी पाचशे सत्तर. त्याच्या पुढच्या दिवशी सहाशे तीस. मशीनही आता कण्हायला लागलं होतं.

तीन दिवस खत नाही आणि आकडा तरी वाढलेला. साईनाथ म्हणाले, "हा पहाटे लपून टाकतो." धाऊकाका म्हणाले, "ह्याला माजी भेंडीच डोळ्यांत खुपते." साईनाथने ग्रामपंचायतीत देण्यासाठी अर्ज लिहायला घेतला: विहिरीलगतची भाजी बंद व्हावी. धाऊकाकांनी तर बांधावरच्या भांडणाच्या दिवशीच अंजूला बजावलं होतं, "त्यांच्या अंगनात पाय टाकायचा नाय." साईनाथनेही तेव्हाच समीक्षाला बजावलं होतं, "आकडा खाली येईपर्यंत तिकडं जायचं नाय."

आता हे मोठ्यांचं भांडण. पण त्याची झळ कोणाला? शाळा अडीच किलोमीटरवर आणि सायकल दोघींत एक. जाताना अंजू चालवायची आणि समीक्षा मागे बसायची, येताना उलट. भांडणाच्या दुसऱ्याच दिवसापासून अंजू एकटीच सायकलवर जायला लागली. समीक्षाला पाहून ती घंटी वाजवायची, पण थांबायची नाही. काकांनी मनाई केली होती आणि काका बांधावरून बघत असायचे. समीक्षा धूळ खात मागून चालत यायची. चालताना माणसाला विचार करायला खूप वेळ मिळतो.

समीक्षाने चुलीतल्या कोळशाने मागच्या भिंतीवर रोजचे आकडे लिहून ठेवले होते. २१०, २७०, ३३०, ३९०. मग तुरटीच्या दिवशी ५१०. पुढे ५७०, ६३०. ती त्यांच्याकडे पाहत उभी राही. तुरटीचा दिवस सोडला तर रोज साठ. बरोबर साठ.

"आई, धाऊकाका खत कसं टाकतात?"

"कसं म्हंजे? मुठीनं."

"मोजून?"

"शेतकरी काय सोनार हाय, मोजून टाकायला?"

मग ते विहिरीत रोज मोजून साठच कसं उतरतं? आणि तीन दिवस टाकलंच नाही, तेव्हाही साठ? समीक्षाला हे काही पटेना. आणि तेवढ्यात तिच्या लक्षात आलं, की बाबा विहिरीचा आकडा म्हणतात खरं, पण बाबा विहिरीवर जातातच कुठे? पहाटे निघतात, दिवेलागणीला येतात. ते मोजतात पिंप!

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर ती मीटर घेऊन विहिरीवर गेली. पोहरा सोडायला दुसरं माणूस लागतं, म्हणून तिने भेंडीच्या ओळींकडे पाहून शीळ घातली. भेंडीतून अंजू बाहेर आली. इकडे तिकडे पाहत म्हणाली, "मी तुझ्या अंगनात नाय आले हां. विहीर दोघांची हाय."

पोहरा वर आला. मीटर बुडवला. दोघींची डोकी एकमेकींवर आपटली.

"दोनशे अकरा!"

समीक्षा धावत घरी गेली. शनिवारी बाबा लवकर आले होते. ते म्हणाले, "मीटर बिघडला." त्यांनी तोच मीटर लगेच पिंपाच्या पाण्यात घातला. सहाशे नव्वद. "बघ, आता चांगला चालतोय."

रविवारी भगीरथ आला. साईनाथने त्याला साक्षीदार म्हणूनच बोलावलं होतं. खिशात अर्ज तयार होता. धाऊकाका बांधावर हाताची घडी घालून उभे. त्यांच्या मागे अंजू.

भगीरथने मशीन उघडलं, आतली जाळी पाहिली, डोकं खाजवलं. "आठ-दहा दिवसांत हिची एवढी वाट? एवढ्या जड पाण्यावर मशीन चालवाल तर असंच होनार. दिवसाला किती पानी वापरता?"

"दोन हंडे," माधुरी अभिमानाने म्हणाली. "प्यायला आनि जेवनाला. आनि पिंपातही रोज दोनच हंडे घालते. मशीन चांगलं हाय, थेंब वाया घालवत नाय."

भगीरथ हसला. "वयनी, मशीन वाया घालवतंच. एक हंडा चांगलं पानी काढायला दोन-तीन हंडे बाहेर टाकतं. सगळे क्षार त्यातच जातात ना."

समीक्षा बोटांवर मोजत होती. "दोन हंडे प्यायचे. चार हंडे बाहेर टाकायचे. म्हणजे आईनं रोज सहा हंडे भरायला पायजेत. आनि आई भरते दोन." तिने वर पाहिलं. "भगीरथदादा, मग ते चार हंडे जातात कुठं?"

"कुठं म्हंजे? ही पांढरी नळी खिडकीतून बाहेर सोडली होती मी. तिकडं अंगनात."

"अंगन तर कोरडं हाय," बांधावरून धाऊकाका म्हणाले. त्यांनाही आता राहवेना. ते बांध उतरून आले.

सगळी वरात नळीच्या मागे निघाली. नळी मशीनमधून निघाली, खिडकीतून बाहेर पडली, ओट्यावरून वळली आणि पिंपाच्या झाकणाखाली शिरली. झाकणावर दगड होता. भगीरथने दगड उचलला, झाकण काढलं. पांढरी नळी पिंपात तोंड घालून शांतपणे गळत होती.

"ही कोनी घातली?"

"तुमीच बसवली ना?" माधुरी म्हणाली. "मी रोज बघते. मला वाटलं, तशीच असते."

"मी घातली," गोजरआजी म्हणाली.

सगळे वळले. आजी पदर खोचून उभी होती. "दुसऱ्याच दिवशी घातली. मग काय करू? चांगलं काचेसारखं पानी भुईवर वाहून चाललं होतं. ह्याच्यासाठी आमी ओढ्याच्या वाळूत खड्डे खनले, वाटीवाटीनं हंडा भरला. एक हंडा भरेस्तोवर सूर्य डोक्यावर यायचा. आनि आता घरात बसून पानी फेकू? मी तरी नाय फेकनार!"

भगीरथ खाली बसला आणि समजावू लागला, "आजी, मशीन क्षार खात नाय, नुसते वेगळे काढतं. हे नळीतलं पानी म्हंजे सगळ्या क्षारांचं पानी. तुमी ते परत पिंपात घातलंत. दुसऱ्या दिवशी मशीननं परत वेगळं काढलं, तुमी परत घातलंत."

"म्हणजे घराचा केर काढायचा आनि उंबऱ्यावरून परत आतच लोटायचा!" समीक्षा म्हणाली.

"बरोब्बर! रोजच्या दोन हंड्यांचा केर. रोजचे साठ."

मग भगीरथने विहिरीवर जाऊन स्वतःच्या मीटरने मोजलं. दोनशे अकरा. तो साईनाथकडे वळला. "ह्या पान्याला हे मशीन लागतच नव्हतं. तुमाला सोडतीत मिळालं म्हनून मी बसवलं. क्षार कमीच हायत. गाळून, उकळून प्यायलात तरी चालेल."

"म्हणजे विहीर एकदम चांगली?" समीक्षाने विचारलं.

"तसं नाय. ह्या मीटरला जंतू दिसत नायत. ते बघायला वेगळी बाटली येते, पानी भरून ठेवायची. काळी पडली तर पान्यात गडबड. पंचायतीत माग, मिळेल."

धाऊकाका परत बांधापलीकडे आपल्या भेंडीत गेले. आता बांधाच्या अलीकडे एक माणूस उभा होता आणि पलीकडे जायचं त्याच्या जिवावर आलं होतं. साईनाथने खिशातला अर्ज काढला, चार घड्या घातल्या, परत खिशात ठेवला. "धाऊदादा," ते म्हणाले, "दोनशे अकरा."

"ऐकलं."

"म्हंजे... भेंडीचा काय दोष नाय."

"हे भेंडीला सांग," धाऊकाका म्हणाले.

साईनाथने खरोखरच भेंडीकडे पाहिलं. अंजू फिसकन हसली, मग काका हसले, आणि तेवढ्यात आजी मधे आली. "तुमचं मिटलं, पन माजं काय? ते चार हंडे पानी मी भुईवर सांडू देनार नाय. सांगून ठेवते."

मोठी माणसं पुन्हा विचारात पडली. समीक्षा मात्र ओट्यापासून बांधापर्यंत पावलं टाकत निघाली होती. एकतीस पावलं. ती अंजूच्या कानात काहीतरी बोलली. अंजू घरामागे पळाली आणि जुन्या ठिबकच्या नळीचं वेटोळं खांद्यावर घालून आली. भगीरथने जोड बसवून दिला. "विहिरीचं साधंच पानी आत घालाल, तर बाहेर येईल ते भाजीला चालेल," तो म्हणाला. पिंप रिकामं झालं, धुतलं गेलं, नव्याने भरलं गेलं. आणि थोड्या वेळाने भेंडीच्या पहिल्या ओळीच्या बुंध्याशी माती ओली व्हायला लागली. आजी तिथे उकिडवी बसून ते पाहत होती. एकही थेंब वाया जात नाही याची खात्री झाल्यावरच ती उठली.

सोमवारी सायकलवर दोघी होत्या.

आठवड्याने धाऊकाकांनी टोपलीभर भेंडी पाठवली. "तुमच्याच पान्याची हाय," असा निरोपही होता. गोजरआजीने स्वतः तिची रसाची भाजी केली. सगळे जेवायला बसले. बाबांचा हात सवयीने खिशाकडे गेला.

"समीक्षा, मीटर कुठाय गो? बघू तरी, ह्या भाजीचा आकडा किती येतो."

मीटर समीक्षाच्या कंपासपेटीत होता. ती उठली नाही. तिने भाजीत भाकरीचा तुकडा बुडवला, तोंडात टाकला, डोळे मिटून नीट चघळला. आजी तिच्याकडे रोखून बघत होती.

"शून्य," समीक्षा म्हणाली. "आजी मीठ घालायला विसरली."

आणि तिने मिठाची बरणी बाबांकडे सरकवली.