भेगा मोजणारे खंडारे

मे महिन्याच्या भर दुपारी प्रभाकर खंडारे माझ्या प्लॉटवर पोटावर आडवे झाले आणि त्यांनी जमिनीच्या भेगेत हात घातला. आधी मनगट गेलं, मग कोपर. शेजारच्या गच्चीवर पापड वाळत घालणाऱ्या दोन बायका हातातलं काम थांबवून बघत होत्या. खंडाऱ्यांनी हात बाहेर काढला, बाही झटकली आणि वहीत नोंद केली: कोपराच्या वर चार बोटं. मग मला म्हणाले, "आता पावसाळा पाहू."

बांधकाम कधी सुरू होईल, एवढंच मी विचारलं होतं.

अकोल्यात खंडाऱ्यांची घरं बांधून देणारी कंपनी आहे. कंपनी म्हणजे तीन माणसं. खंडारे इंजिनिअर, त्यांच्या पत्नी नलिनीवहिनी नकाशे काढतात आणि बाळापूरचे गफूरभाई गवंडीकाम बघतात. वर्षाला दोन घरं, फार तर तीन. दारावर पाटी आहे: "घरं बांधून मिळतील. घाई असल्यास क्षमस्व." ती वहिनींनी लिहिली. गमतीनं लिहिली की वैतागून, ते त्या सांगत नाहीत.

ते बांधतात ती घरं जाड भिंतींची, चुन्याची, पाडलेल्या घरांतून आणलेल्या जुन्या सागवानाची असतात. एप्रिलमध्येही दुपारी पंख्यावर भागतं. सिमेंट वर्ज्य नाही, पण ते "मिठावानी", चवीपुरतंच पाहिजे, असं खंडारे म्हणतात. पाया खणताना निघालेली काळी माती ते फेकू देत नाहीत. एखाद्या भाजीवाल्याच्या वाफ्यात ती स्वतः उभं राहून पसरवून घेतात. घराचा आराखडा कुणीही सांगायला लागलं की त्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो. "जमिनीले इचारलं का?" पुढचा सगळा दर्शनी भाग काचेचा हवा म्हणणाऱ्या डॉक्टरांना त्यांनी विचारलं, "सूर्याले इचारलं का?" गाडी उभी करायला कडुलिंब तोडायचा होता त्या गृहस्थांना विचारलं, "लिंबाले इचारलं का?" दोघंही परत आले नाहीत.

वऱ्हाडातली काळी जमीन उन्हाळ्यात आकसते, पावसाळ्यात फुगते आणि वरचं घर हलवते. गफूरभाई म्हणतात, "ये मिट्टी करवट लेती है, साब." म्हणून खंडाऱ्यांचा नियम असा की एक उन्हाळा आणि एक पावसाळा जमीन नुसती बघायची. भेगा किती, पाणी कुठे थांबतं, कुठे मुरतं, सगळं वहीत उतरवायचं. मगच पाया. मी आदला पावसाळा अर्धा सरल्यावर गेलो होतो, म्हणून एकूण सोळा महिने थांबलो. त्या काळात चहाला गेलो की वहिनी माझी समजूत घालायच्या. "आमच्या लग्नाच्या वक्ती यायनं मले दीड वर्ष थांबवलं, भाऊ. मायीही माती पाहून राह्यले असतीन." खंडारे वहीतून मान वर न काढता म्हणायचे, "मंग, तडा गेला का कुठी?"

हा नियम त्यांनी एकदाच मोडला.

वानखडे सिस्टर सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या. सेमाडोहपासून शेंदूरजनाघाटापर्यंत नोकरी झाली, राहणं कायम क्वार्टरमध्ये, नंतर भाड्याच्या खोल्यांत. लग्न केलं नव्हतं. अमरावतीच्या कडेला त्यांनी लहानसा प्लॉट घेतला होता आणि त्यावर दोन खोल्या हव्या होत्या. खंडाऱ्यांनी रीतीप्रमाणे पावसाळा बघायला सांगितला. सिस्टरांनी पिशवीतून हृदयाच्या तपासणीचे कागद काढून टेबलावर ठेवले. मी त्या दिवशी तिथेच होतो.

"मी नर्स आहो. मले रिपोर्ट वाचता येते," त्या म्हणाल्या. "डॉक्टर दोन वर्षं सांगून राह्यले. त्यातलं एक तुमी जमिनीले देऊन राह्यले."

 खंडाऱ्यांनी कागद नीट घडी करून परत दिले. पुढच्या आठवड्यात अमरावतीला पाया खणायला सुरुवात झाली.

गफूरभाईंनी विरोध केला, मग स्वतःच सगळ्यांत आधी कुदळ घेतली. मुरूम लागेपर्यंत खोल गेले. पाच महिन्यांत घर उभं राहिलं आणि सिस्टर राहायला आल्या. पहिल्या मोठ्या पावसानंतर स्वयंपाकघराच्या खिडकीवर तडा दिसला. जुना बुजवलेला नाला त्या कोपऱ्याखालून गेला होता आणि पाणी तिथेच मुरत होतं. एक पावसाळा बघितला असता तर पाणी दिसलं असतं, आणि नालाही सापडला असता.

तीन दिवस खंडारे जेवले नाहीत, असं वहिनी सांगतात. चौथ्या दिवशी ते अमरावतीला गेले. कोपरा उकलून पाया नव्याने भरून देतो, खर्च माझा; फक्त चार महिने घर रिकामं करावं लागेल, असं त्यांनी सांगितलं. सिस्टरांनी नकार दिला. भिंत पडणार आहे का, एवढंच त्यांनी विचारलं. पडणार नाही, पण तडा वाढेल, असं खंडारे म्हणाले. मग राहू द्या, सिस्टर म्हणाल्या; चार महिने काही थोडे नसतात.

खंडाऱ्यांनी बाहेरून चर खणून पाणी दुसरीकडे वळवलं. तड्यावर काचेची पातळ पट्टी आडवी चिकटवली. भिंत केसभर जरी सरकली तरी अशी काच तडकते. तेव्हापासून दर गुरुवारी ते एसटीने अमरावतीला जाऊ लागले. जाताना अडीच तास, येताना अडीच तास. हातातल्या दोन घरांची कामं गुरुवारी बंद.

यंदा जानेवारीत मला अमरावतीत काम होतं, म्हणून मीही त्यांच्याबरोबर गेलो. सिस्टर बारीक झाल्या होत्या, दोन वाक्यांमध्ये थांबून श्वास घेत होत्या. गेल्या गेल्या त्यांनी खंडाऱ्यांना दवाखान्यातल्यासारखं फटकारलं. स्वेटर काहून नाही घातला, पहाटची गाडी पकडाची काय गरज होती, गोळी घेतली का. खंडारे मुकाट्यानं उत्तरं देत होते. अकोल्यात त्यांना असं बोलताना मी कुणाला ऐकलं नाही. वहिनी टोमणे मारतात, ते वेगळं.

मग ते खिडकीपाशी गेले. खिशातून भिंग काढून बराच वेळ वर बघत राहिले. मी मागेच उभा होतो. काचेची पट्टी शाबूत होती. खिडकीच्या गजांवर धूळ होती, पट्टीवर कणभरही नव्हती. ती रोज कुणीतरी पुसत होतं. त्या घरात दुसरं कुणी राहत नव्हतं.

सिस्टर खुर्चीतून म्हणाल्या, "भेग वाढली का हो, भाऊ?"

खंडाऱ्यांनी वही उघडली, पण काही लिहिलं नाही.

"हाव," ते म्हणाले. "जराशी."

"तरी मले वाटूनच राह्यलं होतं." सिस्टरांनी श्वास घेतला. "मंग पुढच्या गुरुवारी याले लागन तुमाले."

"याले तर लागनच."

"दहाची गाडी पकडजा, पहाटची नको. आणि सांगून ठेवा, वांगे करू का मेथी?"