डबीतलं सोनं

दसऱ्याचं सोनं यंदा दुकानातून, तेही डबीतलं आणायचं असं रघुवीरने ठरवलं, आणि भोरातल्या एका भरदार मिशीचे दिवस भरले.

सोनं म्हणजे काय, तर आपट्याची पानं! वेल्ह्याच्या डोंगरात ज्याच्याकडे गुरंही ढुंकून पाहत नाहीत, तो पाला. दरसाल ठकुबाई त्याचा भारा दारात आणायची आणि पसाभर ज्वारीवर खूश होऊन जायची. यंदा कुंडलिकशेटने तोच पाला विकत घेतला, गणपतीचा उरलेला सोनेरी रंग त्याला फासला, गुलाबी कागद घालून डब्यांत मांडला आणि दुकानावर पाटी लावली, ‘खास पुणेरी सुवर्णपर्ण’. झालं! भोरातली शिकलीसवरलेली माणसं काचेला नाक लावून उभी राहिली. (अडाण्यांना एवढी अक्कल कुठून असणार?) किंमत ऐकून बाकीचे मुकाट घरी गेले. रघुवीर गेला नाही.

कचेरीत हेडक्लार्कची जागा रिकामी होती ना! मामलेदारसाहेबांच्या मनात रघुवीर भरतो की त्याच्या शेजारच्या टेबलावरचा उपेंद्र, एवढाच प्रश्न होता.

“अवो दादा, ही तर म्याच इकल्याली पानं!” डबीत डोकावून ठकुबाई म्हणाली. “आन् रंग वलाच हाय की!”

“बोटांना लागतोय हो,” सौदामिनीने नवऱ्याला बजावलं. “साधी पानं न्या.”

“तुम्हा बायकांना फॅशन कळायची नाही,” रघुवीर म्हणाला.

संध्याकाळी साहेबांच्या ओटीवर ही गर्दी! उपेंद्रने आपली हिरवी, दरिद्री पानं दिली. मग रघुवीरने डबी उघडली आणि सोनं दोन्ही हातांनी काढून साहेबांच्या ओंजळीत ओतलं.

“वा!” साहेब म्हणाले.

रघुवीर पायांवर वाकला. इकडे खूश झालेल्या साहेबांनी सवयीप्रमाणे दोन्ही हातांनी मिशीला पीळ भरला. रघुवीर उठेपर्यंत मागच्यांनी त्याला बाजूला ढकललं होतं, त्यामुळे वरचा चमत्कार त्याला दिसलाच नाही. साहेब तसेच संस्थानिकांच्या राजवाड्यावर दसऱ्याच्या दरबाराला गेले. तिथं सगळं भोर त्यांच्याकडे बघून उपरण्यात तोंड खुपसत होतं, पण सांगणार कोण?

घरी रघुवीरने हात राखेनं घासले, रॉकेलनं घासले. सोनं काही उतरेना. ‘माल अस्सल आहे,’ तो मनात म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहीचे कागद घेऊन तो साहेबांकडे गेला, तर ओटीवर साहेब मान खाली घालून बसलेले. डोक्याला उपरणं गुंडाळलेलं. आणि मिशी साफ उतरवलेली!

रघुवीरने लगेच हिशेब मांडला. बाप जिवंत असताना माणूस मिशी कधी उतरवतो का? साहेबांचे वडील, आंबवड्याचे नाना, बरेच दिवस अंथरुणाला खिळलेले होते. उपेंद्रला अजून कळलेलं दिसत नव्हतं. पहिला मान आपलाच! रघुवीरने डोळ्यांत पाणी आणलं.

“साहेब, फार वाईट झालं हो! नाना गेले! देवमाणूस!”

“कुठं गेलो?” आतून खणखणीत आवाज आला, आणि हातात चहाची बशी घेऊन नाना बाहेर आले. बरं वाटलं म्हणून दसऱ्याला ते मुलाकडे आले होते. “कोण रे हा मला सकाळी सकाळी पोचवणारा?”

रघुवीरने गडबडून हात जोडले. आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक! सकाळच्या उन्हात दहाही बोटं लखलखली.

साहेबांनी आपल्या बोटांकडे पाहिलं, मग त्याच्या. काल ओंजळीत शेकडो लोकांची पानं पडली होती. त्यांतलं हे सोनं कुणाचं, हे त्यांना रात्रभर उमगलं नव्हतं. आता उमगलं.

“म्हणजे मिशी तुम्हीच घालवलीत,” ते हळूच म्हणाले, “आणि आता बापही घालवायला आलात!”

रघुवीर दुपारी घरी परतला, तेव्हा सौदामिनी दारातच उभी होती. “काय, झालात का हेडक्लार्क?”

“उपेंद्र झाला. माझी वेल्ह्याला बदली.”

“बरं झालं,” सौदामिनी म्हणाली. “तिथं तुम्हाला पानं फुकट मिळतील, आणि इथं साहेबांना निवांत मिशी वाढवता येईल.”