मागचं नरम, पुढचं कडक

रविवारी आपण उडणार, याबद्दल कडूबाच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. किती उंच, एवढाच प्रश्न बाकी होता. चिकलठाण्याच्या कारखान्यात बाटल्यांची झाकणं तपासता तपासता त्याची तंद्री लागायची, आणि गारखेड्यामागच्या माळावरचा मुरमाचा ढिगारा त्याच्याखालून अलगद सरकत जायचा. खाली माणसं मुंगीएवढी. वर नुसता वारा, आणि वाऱ्यात कडूबा. तेवढ्यात आठ-दहा वाकडी झाकणं पास होऊन जात, पण उडणाऱ्या माणसानं झाकणांकडं कुठवर बघायचं!

मातीत पळवायची ती उंच मोटारसायकल त्याचा जीव की प्राण होती. त्याच्या आईला, सारजाबाईंना, मात्र ती डोळ्यांसमोर नको होती. चालायला बाई खणखणीत, पण तेवढ्या उंच सीटवर टांग टाकणं गुडघ्यांना जमेना. लेकाकडं गाडी असून आई भाजीबाजाराला पायी! शेवटी त्यांनी निकाल लावला, "पाय न टेकता त्यो ढिगारा वलांडला, तर ठेव गाडी. नायतर ती इकून माझ्यासाठी स्कुटी आण."

कडूबानं लगेच कबूल केलं. गाडीत फक्त थोडा बदल हवा होता. पुढचा शॉकअप कडक, मागचा नरम, म्हणजे उडून खाली उतरताना कापसाच्या गंजीवर बसल्यासारखं वाटेल. गाडी त्यानं गयासभाईंच्या गॅरेजात लावली आणि कारखान्यातून फोन केला, "भाई, मागचं एकदम नरम करा, पुढचं कडक."

"समज गया," गयासभाई म्हणाले.

मागच्या खेपेला, गेल्या महिन्यात, त्यांनी याच गाडीचा क्लच उघडला होता, आणि शॉकअपचं पुढच्या खेपेला बघू असं सांगितलं होतं. कडूबा ते साफ विसरला होता. गयासभाई विसरले नव्हते.

रविवारी सकाळी गयासभाईंनी गाडी टेम्पोत घालून थेट माळावर आणली. कडूबानं क्लच दाबला. लोणी! हे आपण कधी सांगितलं, असं क्षणभर त्याच्या मनात आलं, पण कारागीर खूश झाला की वरून काहीतरी देतोच, असं समजून तो आणखी खूश झाला. त्यानं डोळे मिटले, रेस पिळली.

इंजिन असं गरजलं, की लिंबावरचे पोपट उडाले. गाडी मात्र बैलगाडीच्या चालीनं निघाली. क्लच इतका नरम, की इंजिनाचा सगळा जोर चाकापर्यंत पोचायच्या आधीच घसरून जात होता. आणि शॉकअप दगड! मुरमाचा प्रत्येक खडा चाकाखालून निघून थेट कडूबाच्या दाढेला भेटत होता.

"भाई, हे काय केलं?" तो गाडीवरूनच ओरडला.

शेजारून निवांत चालत येणाऱ्या गयासभाईंना प्रश्नच कळेना. "तुमीच बोले ना! मागचं काम क्लचका, वो नरम किया. पुढचं शॉकअपका, वो कडक किया."

आता पाय टेकला असता, तर गाडी गेली असती. कडूबा दात आवळून तसाच चढत राहिला. तेवढ्यात दुसऱ्या बाजूला पदर खोचलेल्या सारजाबाई आल्या, थोडा वेळ त्याच्या बरोबरीनं चालल्या, मग कंटाळून पुढं गेल्या. ढिगाऱ्यापलीकडं एका दगडावर बसून त्यांनी पान लावलं, खाल्लं, तेव्हा कुठं कडूबा पोचला. पाय कुठंही टेकला नव्हता.

"जिंकलास रं बाबा," सारजाबाई म्हणाल्या. "ठेव तुही गाडी. बाजारात मी पायीच जात जाईन. तुह्या आधी पोचते."

कडूबाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुढच्याच आठवड्यात मोटारसायकल विकून तो गयासभाईंकडं जुनी स्कुटी घेऊन गेला. काय करायचं, असं त्यांनी विचारलं. कडूबा खाली बसला आणि मागच्या शॉकअपवर बोट ठेवून म्हणाला, "हे. आई बसते तिथलं. नरम."

या वेळी काम बिनचूक झालं. बाजारातून परतताना गतिरोधकावर स्कुटी अलगद वर गेली, कडूबाचे डोळे आपोआप मिटले, खाली माणसं मुंगीएवढी झाली, वर नुसता वारा राहिला.

"डोळं उघड," मागून आवाज आला. "कोथिंबीर सांडली."